ऑनलाइन दुकानाने गंडवलं? आधी १९३० फिरवा

पैसे भरले, माल आला नाही आणि दुकानाचा नंबर बंद. अशा वेळी दुकानदाराला मेसेजवर मेसेज पाठवण्यात वेळ घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर ते तिथेच गोठवता येतात; एकदा एटीएममधून काढले गेले की मग अवघड. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ हाताशी ठेवा. त्याचबरोबर ऑर्डर, चॅट, जाहिरात आणि साइटचा पूर्ण पत्ता, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. अशी दुकानं रातोरात गायब होतात.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागा, तोही लेखी. यूपीआयच्या मानाने इथे पैसे परत मिळण्याची आशा बरी असते.

दुकान खरं आहे, पण फाटका माल पाठवून हात वर करतंय? मग हा मामला ग्राहक हेल्पलाइनचा, नंबर १९१५. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. तरीही दाद लागली नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आणि हो, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. रिफंडसाठी कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.