समाजाच्या बळावर कॅथलिक मासिक काढताय? या चुका टाळा

बडोद्यात मराठी कॅथलिक मासिकाचा विषय निघाला की दोन नावे हटकून येतात : 'निरोप्या' आणि 'सुवार्ता'. ते टिकले, मग आपले का नाही? 'निरोप्या' १९०३ पासून येशूसंघीय फादरांच्या पाठबळावर चालला, आणि 'सुवार्ते'ला वसईसारखा दाट ख्रिस्ती टापू लाभला. इथे मराठी घरे गोत्रीपासून मांजलपूरपर्यंत विखुरलेली, धर्मग्रामाचा (पॅरिशचा) व्यवहार मुख्यतः गुजरातीत, आणि स्वतंत्र अंकामागे कुठली संस्था नाही. तिकडचे गणित इथे लावले की दोन वर्षांत गाडे अडते.

सर्वांत महागात पडते ती आजीव वर्गणी. पैसे कमी पडले की कमिटीत कुणीतरी ती सुचवतोच. समजा छपाई, कागद, टपाल धरून एक अंक २५ रुपयांना पडतो. वर्षाचे झाले ३०० रुपये. आजीव वर्गणी ३,००० ठेवली आणि सगळी बँकेत ठेवून ७ टक्के व्याज मिळाले, तरी हातात येतात २१०. उरलेले ९० दरवर्षी कुणाच्या खिशातून? शिवाय ती रक्कम बँकेत जातेच कुठे, छापखान्याचे थकलेले बिल भागवण्यातच संपते. पुढे कागद महागतो, आणि पंधराव्या वर्षी काकांचा फोन येतो, "या महिन्याचा अंक नाही आला, मी आजीव आहे हं!" काकांचे काही चुकत नाही. नवी आजीव वर्गणी आजच बंद करा, फार तर तीन वर्षांची घ्या. जुन्या आजीव मंडळींना वरचा हिशेब जसाच्या तसा पत्रात लिहून पाठवा आणि जमेल तेवढी वार्षिक मदत मागा. गोड शब्दांत गुंडाळू नका, आकडे दाखवा.

वर्गणी बुडते याचे कारण बहुतेकदा नाराजी नसते. संपली हे वाचकाला कळतच नाही. पत्त्याच्या लेबलवर नावाखालीच 'वर्गणी मार्चपर्यंत' असे छापा, आणि शेवटच्या दोन अंकांत क्यूआर कोडची चिठ्ठी घाला. तो कोड मासिकाच्या खात्याचा हवा, संपादकांच्या खासगी नंबरचा नको. यूपीआयवर नुसते '३०० जमा' येते, ते वाडीतल्या वहिनींचे की वाघोडिया रोडच्या सरांचे, हे महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पैसे पाठवताना वर्गणीदार क्रमांक लिहायला सांगा आणि पावती त्याच दिवशी द्या. दांडिया बाजारातले जुने घर सोडून फ्लॅटमध्ये गेलेली कुटुंबे पत्ता कळवत नाहीत, तेव्हा परत आलेला प्रत्येक अंक म्हणजे एक फोन, असा नियमच करा.

मिस्सा (रविवारची उपासना) सुटल्यावर चर्चच्या दाराशी दानाचा डबा घेऊन उभे राहण्याआधी फादरांशी बोला, आणि त्यांच्या तोंडी 'हो'वर थांबू नका. १९८३च्या कॅनन लॉचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे, कलम १२६५ सांगते की खासगी व्यक्तीने धर्मकार्यासाठी दान मागायचे तर स्वतःच्या आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांची (बिशप वगैरेंची) लेखी परवानगी लागते. कलम २१६ प्रमाणे त्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही उपक्रमाने 'कॅथलिक' हे नावही लावू नये. स्वतंत्र असणे म्हणजे धर्मप्रांताला अंधारात ठेवणे नव्हे. संमती मागितली म्हणजे संपादकीय त्यांच्या ताब्यात जाते, ही भीती मला तरी अनाठायी वाटते.

परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत तर बडोदेकरांनी फारच जपावे, कारण इथे जवळपास प्रत्येक घरातले कुणीतरी बाहेर आहे. परदेशी निधी कायदा, म्हणजे २०१०चा एफसीआरए, नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशकाला परदेशी देणगी घ्यायला मनाई करतो, आणि मासिकाची नोंदणीही त्याच वर्गात होऊ शकते. भारतीय पासपोर्टवर दुबईत असलेल्या भाच्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या मावशीचे धरले जातात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. मावशींनी ठरलेल्या दराने वर्गणी भरली तर तो विक्रीचा व्यवहार, पण वर 'असू दे' म्हणून पाच हजार जोडले की देणगी. सीएला आधी विचारा, पैसे मग घ्या.

टपालात दोन गोष्टी पाहा. १८९८च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राच्या सवलतीसाठी अंक ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघता कामा नये, ही अट होती. आता २०२३चा नवा कायदा आहे, तेव्हा काटकसर म्हणून मासिकाचे त्रैमासिक करण्यापूर्वी रावपुऱ्याच्या मुख्य पोस्टात सवलतीचे विचारून घ्या. दुसरे म्हणजे वजन. ६० जीएसएमचे (चौरस मीटरला ६० ग्रॅम) ए-फोर पान पावणेचार ग्रॅमचे. २४ पृष्ठांची १२ पाने म्हणजे ४५ ग्रॅम, त्यात जाड मुखपृष्ठ आणि रॅपर आले की टपालदराचा ५० ग्रॅमचा टप्पा ओलांडायला वेळ लागत नाही. डमी तयार होताच पोस्टाच्या काट्यावर ठेवा.

मासिकाच्या विक्रीवर जीएसटी नाही म्हणून खूश होऊ नका. कागदावर भरलेला जीएसटी त्यामुळेच परत मिळत नाही, तो खर्चात धरा.

नोव्हेंबरचा अंक मात्र वाया घालवू नका. २ तारखेला मृत भाविकांचा स्मृतिदिन, आणि महिनाभर कबरींवर मेणबत्त्या. फोटोसह पाव पानाचे पुण्यस्मरण पैसे भरून द्यायला घरोघरी तयारी असते, पण मागावे लागते ते सप्टेंबरमध्ये. मृताचे नाव आणि तारीख घरच्यांकडून लेखी घ्या, आणि प्रूफ त्यांना दाखवल्याशिवाय छापायला सोडू नका.