गिअर पंपाचा ड्राइव्ह शाफ्ट कसा आखावा: आधी तेलाची वाट, मग व्यास

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून ठाणे-बेलापूर रस्त्याने रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असे जात राहिले, तर लेथ, हॉबिंग आणि ग्राइंडिंगची कामे करणारे गाळे जागोजागी दिसतात. अशाच एका गाळ्यात मी गिअर पंपांच्या, म्हणजे एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन गिअरनी तेल ढकलणाऱ्या पंपांच्या, ड्रॉइंगवर काम करतो. नवा इंजिनिअर कामाला लागला आणि त्याला पंपाचा शाफ्ट आखायला सांगितला, की तो हमखास टॉर्कपासून, म्हणजे शाफ्ट फिरवणाऱ्या जोरापासून, सुरुवात करतो, मोटरची ताकद धरून व्यास काढतो आणि काम झाले असे समजतो. त्याचे गणित चुकलेले नसते, पण ते शाफ्ट तुटू नये याचे गणित असते. गिअर पंपाचा शाफ्ट क्वचितच तुटतो. तो बुशमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये, घासला जातो, तापतो आणि शेवटी जॅम होतो. म्हणून पुढील कृतीत व्यासाचा निर्णय ताकदीवर न सोडता तेलावर सोडला आहे.

सुरुवातीला एक ठोस पंप डोळ्यासमोर ठेवू. एक्स्टर्नल (बाहेरच्या बाजूला दात असलेल्या गिअरचा) गिअर पंप, मोड्यूल (दाताच्या मापाचा आकडा) ४, दात १२, गिअरची रुंदी ४० मिमी, वेग १४४० आरपीएम, दाब १० बार आणि ६० अंश सेल्सिअसला चालणारे व्हीजी ६८ तेल (६८ हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा). असा पंप एका फेऱ्यात सुमारे ४८ सीसी तेल ढकलतो, म्हणजे गळती न धरता मिनिटाला साधारण ६९ लिटर. बारा दातांना अंडरकट, म्हणजे दाताचे मूळ कोरले जाणे, टाळण्यासाठी प्रोफाइल करेक्शन (दाताच्या आकारात थोडा बदल) द्यावे लागते आणि त्याने हे आकडे थोडे सरकतात, पण पद्धत समजून घेण्यासाठी ते पुरेसे आहेत.

पहिली पायरी: दाब कोणता धरायचा ते ठरवा

नेमप्लेटवरचा १० बार हा डिझाइनचा दाब नव्हे. डिलिव्हरीचा (तेल बाहेर पडण्याच्या बाजूचा) व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला, तर रिलीफ व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सगळे तेल बायपास होईपर्यंत दाब चढत जातो, आणि १० बारच्या पंपात तो सहज १४ बारपर्यंत पोहोचतो. शिवाय सकाळी पंप सुरू करताना तेल थंड असते. जानेवारीत पहाटे २० अंशांच्या आसपास व्हीजी ६८ तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ४० अंशांच्या तुलनेत जवळपास तिप्पट भरते, त्यामुळे मोटरवरचा भार वाढतो. म्हणून आपण १४ बार धरू. या दाबाला मोटरकडून सुमारे १.९ किलोवॅट मागितले जातात, तेव्हा २.२ किलोवॅटची मोटर येते. तिचा पूर्ण भाराचा टॉर्क सुमारे १४.६ न्यूटन-मीटर असतो; मात्र पंपात काही अडकले, तर मोटर थांबण्यापूर्वी त्याच्या अडीच पट जोर लावू शकते. ताकदीच्या गणितात हाच ३६ न्यूटन-मीटर टॉर्क घ्यावा.

दुसरी पायरी: बुशवर येणारा भार काढा

डिलिव्हरीकडील दाब दोन्ही गिअरना सक्शनच्या (तेल आत येण्याच्या) बाजूला रेटतो. जुना पंप उघडल्यावर बॉडी नेहमी सक्शनकडेच खरवडलेली सापडते, त्याचे कारण हेच. हा रेटा दाब, गिअरची रुंदी आणि गिअरचा बाहेरचा व्यास यांच्या गुणाकाराशी बांधलेला असतो. ड्रायव्हर (मोटरने फिरणाऱ्या) गिअरसाठी या गुणाकाराचा सुमारे ०.७५ पट आणि आयडलरसाठी (ड्रायव्हरने फिरणाऱ्या दुसऱ्या गिअरसाठी) सुमारे ०.८५ पट धरण्याची रीत आहे, कारण दातांच्या पकडीतून येणारा जोर ड्रायव्हरच्या बाबतीत दाबाच्या रेट्याला थोडा कमी करतो आणि आयडलरच्या बाबतीत त्यात भर घालतो. दोन्ही शाफ्ट आणि चारही बुश एकाच मापाचे ठेवणे कारखान्याला सोयीचे असते, म्हणून मोठा भार धरावा. आपल्या पंपात गिअरचा बाहेरचा व्यास ५६ मिमी आहे, तेव्हा १४ बारला आयडलरवर सुमारे २६७० न्यूटन आणि प्रत्येक बुशवर त्याच्या निम्मा, म्हणजे १३३५ न्यूटन भार येतो.

तिसरी पायरी: व्यास तेलाला विचारून ठरवा

आता दोन शाफ्ट शेजारी ठेवून पाहू. ३६ न्यूटन-मीटर टॉर्क आणि गिअरच्या फेसजवळचे (बाजूच्या सपाट तोंडाजवळचे) बेंडिंग एकत्र धरून, ४० न्यूटन प्रति चौरस मिमी इतका सावध शिअर स्ट्रेस घेतला, तर १८ मिमी व्यास पुरतो. नवा इंजिनिअर इथेच थांबतो. पण १८ मिमी शाफ्टला २२ मिमी लांबीचा बुश दिला, व्यासाच्या हजारामागे १.४ इतका क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली फट) ठेवला आणि जर्नल बेअरिंगच्या, म्हणजे अशा बुशच्या, नेहमीच्या सॉमरफेल्ड पद्धतीने (वेग, भार, तेलाचा घट्टपणा आणि फट यांवरून) हिशेब केला, तर शाफ्ट आणि बुश यांच्यामधील तेलाचा थर सर्वात अरुंद जागी जेमतेम ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) भरतो. त्याच वेळी गिअरवरच्या भाराने शाफ्ट वाकतो आणि बुशमध्ये थोडा तिरपा बसतो. हा तिरपेपणा बुशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १४ मायक्रॉन होतो. तेलाचा थर ४ मायक्रॉन आणि तिरपेपणा १४ मायक्रॉन असेल, तर शाफ्ट बुशच्या गिअरकडील कडेला टेकणार, हे सांगायला वेगळ्या गणिताची गरज नाही.

आता २५ मिमी शाफ्ट आणि ३० मिमी बुश घ्या, आणि क्लिअरन्स व्यासावर ०.०३५ मिमी ठेवा. तेलाचा थर साधारण ८ मायक्रॉनवर जातो आणि तिरपेपणा साडेसहा मायक्रॉनवर उतरतो. शाफ्टचा मधला भाग गिअरमुळे जाड असतो आणि भार एका बिंदूवर न येता गिअरच्या रुंदीभर पसरतो, हे मी या हिशेबात धरलेले नाही. प्रत्यक्षात तिरपेपणा याहून कमीच राहतो. ताकदीच्या दृष्टीने हा शाफ्ट गरजेपेक्षा बराच जाड आहे, पण पंपात तोच टिकतो.

मग ३० मिमी का नको, असा प्रश्न येतो. दातांच्या मुळाचा व्यास ३८ मिमी आहे. २५ मिमी शाफ्ट असताना दाताच्या मुळापासून बुशच्या भोकापर्यंत ६.५ मिमी सपाट फेस उरतो, आणि डिलिव्हरीचे तेल थेट बुशमध्ये सुटू नये म्हणून तोच आडवा उभा असतो. ३० मिमी शाफ्ट घेतला की तो ४ मिमीवर येतो, गळती वाढते, आणि दोन शाफ्टमधले अंतर ४८ मिमीच असल्याने दोन बुशांमध्ये उरणारी बिडाची भिंतही पातळ होते. बुशची लांबी वाढवून भार वाटून घेण्याचा मोहही आवरावा. लांबी व्यासाच्या सव्वापटीपुढे गेली, की वाढवलेला भाग काम करत नाही, तिरपेपणा मात्र वाढवतो.

हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडून पाहण्यासारखा आहे. या पंपात व्हीजी ६८ ऐवजी डिझेल घातले, तर थर दोन मायक्रॉनच्याही खाली जातो आणि धातूला धातू लागतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावून वेग ३०० आरपीएमवर आणला आणि दाब तसाच ठेवला, तर तो तीनेक मायक्रॉनवर येतो. वीज वाचवण्यासाठी व्हीएफडी बसवणाऱ्या ग्राहकाला कमीत कमी किती वेगावर पंप चालवायचा आहे, हे ऑर्डर घेतानाच विचारून ठेवावे.

चौथी पायरी: तेलाची वाट आखा

या पंपात बुशला वेगळे वंगण नसते. जे तेल पंप ढकलतो, तेच बुशला मिळते. गिअरच्या फेसवरून डिलिव्हरीचे थोडे तेल बुशच्या तोंडाशी येते, खाचेतून बुशच्या लांबीभर पसरते, बुशच्या मागे जमते आणि तिथून एका भोकावाटे सक्शनकडे परत जाते. ड्रॉइंगवर ही वाट लाल पेन्सिलने पूर्ण काढून पाहावी. ती कुठे तुटली असेल, तर तेल बुशच्या मागे कोंडून राहते, ताजे तेल आत येत नाही आणि बुश जळतो.

खाचेची जागा हा यातला सर्वात नाजूक भाग आहे. शाफ्ट सक्शनकडे रेटला जातो, म्हणून भार वाहणारा थर बुशच्या सक्शनकडील अर्ध्या भागात तयार होतो आणि त्या भागात खाच असता कामा नये. खाच डिलिव्हरीकडील अर्ध्या भागात, भार नसलेल्या जागी द्यावी. तिच्या कडा धारदार न ठेवता गोल कराव्यात, नाहीतर त्या शाफ्टवरचे तेल पुसून काढतात. ड्राइव्हच्या बाजूच्या बुशमागे सीलची खोली असते. तीही परतीच्या भोकाने सक्शनला जोडलेली असावी, कारण साधे लिप सील (शाफ्टला टेकून तेल अडवणारे रबरी सील) अर्धा बारसुद्धा फार काळ सहन करत नाही.

या दोन गोष्टींचा अर्थ मला एका चुकीतून कळला. काही वर्षांपूर्वी मी आखलेला एक पंप एका कारखान्यात बसला. तिथल्या पाइपिंगची बाजू उलटी होती, म्हणून फिटरने मोटरच्या दोन फेज बदलल्या आणि पंप उलटा फिरवला. गिअर पंप उलटाही तितकेच तेल देतो, त्यामुळे कोणालाच काही वावगे वाटले नाही. पण सक्शन आणि डिलिव्हरी यांची अदलाबदल होताच सीलच्या खोलीचे परतीचे भोक आता दाबाच्या बाजूला उघडत होते आणि बुशची खाच भाराखाली आली होती. सील त्याच दिवशी उडाले. नवे सील घालून पंप पुन्हा तसाच चालवला गेला आणि आठवड्याभरात बुश गेला. पंप परत आल्यावर आमच्या मिस्त्रींनी बॉडी हातात फिरवून एवढेच विचारले, "साहेब, याच्यावर बाण कुठे आहे?" बाण नव्हता. तेव्हापासून फिरण्याची दिशा मी बॉडीच्या कास्टिंगमध्येच उठवून घेतो. दोन्ही दिशांना चालणारा पंप हवा असेल, तर दोन चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने सोडणारे) आणि वेगळी खाच असलेले ते एक निराळे डिझाइन असते.

पंपातून जाणारा द्रव वंगणाच्या कामाचाच नसेल, म्हणजे सॉल्व्हेंट किंवा कण असलेला एखादा द्रव असेल, तर ही वाट सोडून द्यावी. तेव्हा बेअरिंग बॉडीच्या बाहेर, ग्रीस किंवा ऑइल बाथमध्ये ठेवावे लागते, चार सील येतात आणि पंप महाग होतो. मधला मार्ग म्हणून कार्बन बुश वापरता येतो, पण तो ठोके सहन करत नाही.

पाचवी पायरी: मटेरियल, ग्राइंडिंग आणि फिट

शाफ्ट बुशपेक्षा बराच कठीण असावा, म्हणजे झीज स्वस्त भागावर जाते. २० एमएनसीआर ५ स्टील केस हार्डन करून (पृष्ठभाग कठीण करून) ५८ ते ६२ एचआरसी (कठीणपणाचे माप) आणि त्यावर फॉस्फर ब्राँझ बुश, ही जोडी लुब ऑइलसाठी भरवशाची आहे. ग्राइंडिंग हार्डनिंगनंतरच करावे आणि फिनिश आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचे माप) ०.४ किंवा त्याहून बारीक मागावे. लिप सील चालते तेवढा भाग प्लंज ग्राइंडिंगने, म्हणजे चाक आडवे न सरकवता सरळ आत नेऊन, करून घ्यावा. चाक आडवे सरकवले, तर शाफ्टवर डोळ्यांना न दिसणारे आटे उमटतात आणि तेच तेल हळूहळू बाहेर ओढतात.

बुश दाबून बसवल्यावर त्याचे भोक आकुंचन पावते. म्हणून ०.०३५ मिमी क्लिअरन्स हा बसवल्यानंतरचा असला पाहिजे, आणि अंतिम बोअरिंग दोन्ही बुश बसवून एकाच सेटिंगमध्ये करावे. गरम फर्नेस ऑइलसाठी क्लिअरन्स आणखी वाढवावा, कारण बिडापेक्षा जास्त फुगणाऱ्या ब्राँझला बाहेर जागा मिळत नाही आणि तो आत शाफ्टकडे फुगतो. कपलिंगकडचा (मोटरला जोडणाऱ्या टोकाकडचा) की-वे, म्हणजे खिट्टीची खाच, सीलच्या जागेपासून दूर थांबवावा आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात रेडियस द्यावा. ग्राहकाला बेल्ट ड्राइव्ह हवा असेल, तर पुलीचा ओढा या बुशांवर टाकू नये, बाहेर स्वतंत्र बेअरिंग द्यावे.

इथली एक अडचण पुस्तकात नसते. जुलैमध्ये खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत ग्राइंड केलेला शाफ्ट रात्रभर उघडा राहिला, की सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसतात. एमरीने पुसून तो चकचकीत करता येतो, पण ठिपक्याच्या जागी राहिलेला खड्डा त्या ८ मायक्रॉनच्या थरापेक्षा खोल असू शकतो. ग्राइंडरवरून उतरलेला शाफ्ट थेट रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेलात बुडवावा, हे ड्रॉइंगवरच लिहून टाकावे.

सहावी पायरी: चालवून पाहा आणि बुश वाचा

सक्शनला १०० मेशची जाळी असली, तरी तिच्यातून सुमारे १५० मायक्रॉनचा कण जातो, म्हणजे क्लिअरन्सच्या चौपट. टेस्ट बेंचवरचे तेल म्हणून बारीक फिल्टरमधून गाळलेले असावे. पंप तेलाने भरून घ्यावा, आधी दाबाशिवाय चालवावा, मग दोन-दोन बारने दाब वाढवत प्रत्येक टप्प्यावर बुशच्या जागी बॉडीचे तापमान स्थिर होऊ द्यावे. ते स्थिर न होता चढतच राहिले, तर लगेच थांबवावे.

दोन-तीन तासांनी पंप उघडून बुश उजेडाखाली आडवा धरावा. सक्शनच्या बाजूला, पूर्ण लांबीभर, बोटाएवढ्या रुंदीचा सौम्य चकाकणारा पट्टा दिसला आणि बोअरिंगचे मूळ आटे त्याखाली अजून ओळखू येत असले, तर डिझाइन जमले आहे. चकाकी फक्त गिअरकडील कडेला असेल, तर शाफ्ट जास्त वाकतो आहे किंवा दोन बुश एका रेषेत नाहीत. तेव्हा बोअरिंग तपासल्यावरच व्यासाला हात लावावा. पट्टा सरळ न जाता तिरपा गेला असेल, तर आधी कपलिंगवर डायल लावून मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का ते पाहावे.