देवळाची भूमिती शिकायची तर आधी दोरी घ्या

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर मी काही वर्षे नाशिकमध्येच आरसीसीची ड्रॉइंग्ज करत होतो. आता जुनी देवळे आणि वाडे मोजणे, त्यांचे नकाशे काढणे हे माझे काम आहे. आर्किटेक्चरची आणि पुरातत्त्वाची मुले भेटली की बहुतेकांचा प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो. कोणते शिकू, कुठला क्लास लावू? मी त्यांना सुतळी, चार खुंट्या, ओळंबा आणि मोकळी गच्ची एवढेच सांगतो. संगणकावर काटकोन एका क्लिकमध्ये मिळतो. ज्यांनी ही देवळे बांधली त्यांना तो जमिनीवर आखून काढावा लागे, आणि त्या आखणीचा क्रम हाताला कळल्याशिवाय इमारत वाचता येत नाही.

पहिला धडा दिशांचा. गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि तिच्या बुंध्याशी केंद्र धरून वर्तुळ काढा. सकाळी सावली आखडत येते. तिचे टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण करा. दुपारनंतर ती लांबत पुन्हा वर्तुळाबाहेर पडेल, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आता दोन्ही खुणांवरून सारख्याच लांबीच्या दोरीने कंस काढा. ते जिथे छेदतात ते बिंदू जोडले की उत्तर-दक्षिण. ही शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी दोरीने आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, आहे. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सावली जवळजवळ नाहीशीच होते. डिसेंबरात मात्र ती दुपारीसुद्धा जवळपास काठीइतकी असते. म्हणून हिवाळ्यात वर्तुळाची त्रिज्या काठीच्या दीडपट घ्या, नाहीतर टोक वर्तुळाच्या आत येणारच नाही. मोबाइलचा कंपास मात्र बाजूला ठेवा. स्लॅबमधल्या सळयांजवळ तो बहकतो.

काटकोनासाठी तीन-चार-पाच, म्हणजे दोरीचा ३, ४ आणि ५ मापांच्या बाजूंचा त्रिकोण. गवंडी आजही पायाची लाइनदोरी अशीच तपासतो. आयताच्या कर्णाचा वर्ग दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका, हा यामागचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात स्पष्ट सांगितला आहे, आणि तोही दोरीच्या भाषेत.

चौरस आखून झाला की त्याचे आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ भाग करा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, देवळासाठी हीच ६४ पदांची, म्हणजे घरांची, आखणी आहे. शिवाय पुढची प्रमाणे दिली आहेत: उंची रुंदीच्या दुप्पट, गाभारा रुंदीच्या निम्मा, दार गाभाऱ्याच्या पाव रुंदीचे आणि त्याच्या दुप्पट उंच. हे कागदावर काढून बघाच. गाभारा रुंदीच्या निम्मा म्हणजे ६४ पैकी फक्त १६ घरे. उरलेली ४८ घरे भिंतींची! एवढ्या दगडाचे काम काय, हे शिखराचे वजन डोळ्यांसमोर आणले की उमगते. इथे कुठेही फूट नाही, मीटर नाही. प्रमाण आधी ठरते, माप नंतर येते. म्हणून एकाच रीतीने वीतभर नमुनाही करता येतो आणि मोठे देऊळही. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती आधी समजली तर पुढचे अर्धे कष्ट वाचतात.

मग सिन्नरची एसटी पकडा. गोंदेश्वर हे यादवकाळातले भूमिज शैलीचे, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी असलेले, पंचायतन आहे: मधे महादेवाचे मुख्य देऊळ, जोत्याच्या चार कोपऱ्यांवर चार छोटी देवळे. पहिल्या भेटीत कॅमेरा आणि फीता पिशवीतच राहू द्या. भिंतीचा एक कोपरा निवडा आणि तो कोपरा जोत्यापासून शिखरापर्यंत नजरेने वर न्या. तळातले पुढे-मागे सरकणारे कोपरे वरपर्यंत सांभाळलेले दिसतील. शिखराच्या चारही अंगांना मधोमध एकेक सलग पट्टा, लता, वर चढते. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या उभ्या-आडव्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. काही भूमिज देवळांचा तळ तर एकाच केंद्राभोवती चौरस फिरवून काढलेला असतो. दोन चौरसांनी आठ टोके, चारांनी सोळा, आठांनी बत्तीस, आणि सगळी एकाच वर्तुळावर. दोरी मधल्या खुंटीला बांधून हे स्वतः काढलेत की पुढे कुठलाही ताराकृती तळ गुंतागुंतीचा वाटत नाही.

छताकडे जरूर बघा. जुन्या दगडी मंडपांत चौकोनी गाळ्याच्या चार कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकून आत फिरवलेला चौकोन केलेला आढळतो, त्यावर पुन्हा तसाच. बाजूंचे मध्य जोडून काढलेल्या आतल्या चौरसाचे क्षेत्रफळ बाहेरच्याच्या निम्मे असते. म्हणजे बाजू दर थराला वर्गमूळ दोनने भागली जाते, आणि १२ फुटांचा गाळा दोन थरांत ६ फुटांवर येतो. लांब तुळई नाही, कमान नाही, तरी जागा झाकली जाते. वर्गात वर्गमूळ दोन कंटाळवाणे वाटलेल्या मुलांना मी हे छत दाखवतो.

खांबांसाठी पांडवलेणी जवळ आहेत. क्षत्रप राजा नहपानाच्या लेण्याच्या ओसरीतले अष्टकोनी खांब बघून घरी येऊन चौरसातून अष्टकोन काढा: चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यावरून अर्ध्या कर्णाइतका कंस काढला की बाजूंवर आठ बिंदू मिळतात.

मोजताना फीता दरवेळी शून्यापासून नव्याने लावू नका. एका टोकाशी शून्य पक्का धरून पुढची सगळी मापे सलग वाचा, म्हणजे चुका साठत नाहीत. खोलीचे दोन्ही कर्ण घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे १ ला साधारण १.६१८ हे प्रमाण, सगळीकडे शोधण्याचा मोह आवरा. झिजलेल्या दगडावर, फोटोवर जाड रेघ ओढली तर हवे ते गुणोत्तर सापडते. तुमची आकृती खरी मानायची तर तिने न मोजलेल्या भागाचे माप आधी सांगावे, आणि मग फीत्याने ते पडताळावे. दगड झिजल्यामुळे किती फरक चालेल, हेही मोजण्यापूर्वी लिहून ठेवा.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. आर्किटेक्चरची पदवी घेऊन संवर्धनात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. इतिहासाकडून येणाऱ्यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. आहे. काम बरेचदा प्रकल्पापुरते, कंत्राटी मिळते, हे घरी आधीच सांगून ठेवा. पण जीर्णोद्धारात निखळलेली शिळा नेमकी कुठली, हे सांगणारा माणूस लागतोच, आणि त्याचे उत्तर आखणीत असते. गोंदेश्वर आणि पांडवलेणी दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे मोजणी करायची असेल तर रीतसर परवानगी घ्या. अर्जासोबत गच्चीवरच्या आखणीचे फोटो आणि हाताने काढलेला एक तळनकाशा जोडा.