पळस फुलायच्या आत जाळरेषा काढा, डोंगर वाचवा

मंडळी, जानेवारी संपत आला, डोंगरावर गवत कंबरेएवढं वाळून उभं आहे आणि अजून किती तरी गावांत वन समितीची साधी मिटिंगसुद्धा झालेली नाही. दरवर्षी हेच बघतोय. जुलैमध्ये झाडं लावायला अख्खं गाव येतं, पाणी मुरवायला उताराला आडवे समतल चर खोदले जातात, बंधारे होतात, आणि मार्चमधल्या एका दुपारी सगळं जळून जातं कारण जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायची राहून गेली. तेवढ्या एका कामासाठी.

आमच्या शेजारच्या पाणलोटात पाच वर्षं चराईबंदी पाळली होती, लोकांनी त्यासाठी शेळ्या विकल्या होत्या. एकाने बांधावरचा पालापाचोळा दुपारी दोनला पेटवला, घरी पाणी प्यायला गेला, तेवढ्यात आग डोंगराला लागली. दुसऱ्या दिवशी मी वर चढून गेलो तर चार वर्षांची आवळ्याची झाडं, मनगटाएवढी जाड झालेली, बुडापाशी साल फाटून सुटली होती, बोट लावलं की काळं निघायचं. चरांमध्ये घोट्याएवढी राख. मग वळवाचा पहिला पाऊस पडला आणि ती राख, माती सगळी वाहून पाझर तलावात गेली, तळ गाळानं लिंपून टाकल्यासारखा झाला, पाणी मुरायचं थांबलं. ज्या विहिरींवर मार्चपर्यंत कांदा भिजायचा त्या पुढच्या संक्रांतीलाच तळाला गेल्या. म्हणून सांगतो, वणवा हे फॉरेस्टवाल्यांचं काम आणि शेती आपली, असं समजू नका. डोंगर जळाला की तुमची विहीर आटते.

आणि ते 'जाळलं की गवत चांगलं येतं' हे आता सोडा. कोवळे कोंब लवकर दिसतात म्हणून तसं वाटतं. पण वर्षानुवर्षं जाळत राहिलं, चरत राहिलं की पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं कमी होत जातात आणि कुसळी माजते, जिला कुसळं धरल्यावर जनावर तोंड लावत नाही.

आता काम कसं करायचं ते. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, त्यामुळे रेषा 15 फेब्रुवारीच्या आधी पूर्ण पाहिजे. माझं स्वतःचं गणित पळसावर आहे, पहिला पळस लाल दिसला आणि रेषा झालेली नसेल तर उशीर झाला समजा. शेताच्या आणि जंगलाच्या हद्दीवर, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आणि डोंगराच्या सोंडेवर रेषा घ्या. सपाटीला निदान 3 मीटर, चढाला 6 मीटर, कारण चढावर आग धावते, दुपारचा वारा दरीतून वर जातो. आधी दोन्ही कडांचं गवत विळ्यानं कापून मातीपर्यंत खरवडून घ्यायचं, मग मधला पट्टा सकाळी दव असताना जाळायचा, तोही वनरक्षक हजर असताना आणि हातात निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेतलेली दहा-बारा माणसं उभी असतील तरच. कापलेलं गवत घरी न्या, जनावरांना होतं.

दुकानदार सांगतील तणनाशक मारा, मजुरी वाचेल. अजिबात मारू नका. फवारलेलं गवत मरून उभंच राहतं, ते तर आणखी लवकर पेट घेतं, शिवाय पावसात ते औषध ओढ्यात उतरतं आणि तेच पाणी खाली गुरं पितात. पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या पुड्या पण खपवतात, त्या पैशात चार माणसांची आठवड्याची राखण निघते.

रेषेच्या कडेला स्टायलो हे चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक घ्यायचं असेल तर शिफारस हेक्टरी 6 किलो ओळीत, फेकून पेरायचं तर 10 किलो. बी 80 अंशाच्या पाण्यात 4 मिनिटं, मग रात्रभर थंड पाण्यात. गवतापेक्षा ते जास्त दिवस हिरवं राहतं, त्यामुळे आग तिथं जरा अडखळते असा माझा अनुभव आहे.

बाकी कामं:
- चरातला गाळ काढणे (60 सेमी रुंद, 30 सेमी खोल)
- दगडी बांधाचे निसटलेले दगड बसवणे
- रोपांभोवती हातभर आळं साफ ठेवणे
- खड्डे मेमध्ये खोदून तापू देणे
- सीताफळ, करंज, बाभळीचं बी गोळा करणे

मोहाखाली पाला जाळणाऱ्या आयाबायांना हात जोडून सांगणं आहे, खराट्याने झाडून घ्या किंवा जुनी साडी, नेट अंथरा, फुलं पण स्वच्छ मिळतात. तेंदूच्या चांगल्या पानासाठीही आग लावायची गरज नाही, झुडपं कापली की नवी पानं येतात.

समितीला अधिकार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावानं स्वतःच्या नियमांवर जंगल उभं केलं, तिथल्या चैत्राम पवारांना त्यासाठी 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. हिवरे बाजारानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली म्हणून तिथं पाणी टिकलं. दंड किती, राखणीची पाळी कुणाची, हे ग्रामसभेतच ठरवून ठरावात लिहा. होळीच्या आदल्या आणि नंतरच्या दोन रात्री राखण दुप्पट करा, त्या दिवसांत घोळक्यानं पोरं फिरतात आणि बिडी-काडी कुठंही पडते.

भारतीय वन सर्वेक्षणाचे सॅटेलाइटवरचे आगीचे अलर्ट मोबाईलवर येतात, गावातल्या दोघांनी तरी नोंदणी करून ठेवा. धूर दिसला की वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा आणि फोन केल्यावर वाट बघत बसू नका, डहाळ्या घेऊन निघा, पण आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका.

आणि जर जळलंच, तर झाडं उपटू नका, दुकानातून नवी रोपं पण लगेच आणू नका. साग, ऐन, पळस, आवळा, बहुतेकांची मुळं जिवंत असतात. मेमध्ये जमिनीलगत धारदार कुऱ्हाडीनं तिरका काप घ्या, पावसात चार-पाच धुमारे येतील, त्यातला सरळ एक ठेवून बाकीचे पोळ्याच्या आसपास काढून टाका.