जुन्या पद्मिनीचा इंडिकेटर बिघडला? फ्लॅशर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

जुन्या गाडीचा इंडिकेटर बंद पडला की नाशिकमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बदला. दुसरा, सगळं वायरिंगच नवीन टाका. पहिल्यात शंभर-दोनशे रुपये जातात, दुसऱ्यात काही हजार, आणि बहुतेक वेळा बिघाड जिथे होता तिथेच राहतो. इथलं सगळं मी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. अ‍ॅम्बेसेडरलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी लक्षण नीट बघा. दोन्ही बाजू मेल्या असतील तर फ्यूज, फ्लॅशर किंवा त्याच्यापर्यंत येणारा करंट बघायचा. एकच बाजू मेली असेल किंवा नुसती पेटून राहत असेल, तर फ्लॅशरला हात लावू नका. तोच फ्लॅशर दुसरी बाजू नीट चालवतोय.

फ्यूज काढा, टोकं घासा, परत बसवा. फियाट घराण्यातल्या गाड्यांचे निमुळत्या टोकांचे पांढरे फ्यूज ८ अ‍ॅम्पिअरचे असतात. तिथे ८चाच घाला. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळलेला फ्यूज दिसला तर त्याच क्षणी काढून टाका. शॉर्ट झालं तर फ्यूज जळायला हवा, वायर नाही.

इंडिकेटरचे बल्ब पुढे-मागे २१ वॅटचेच हवेत. दुकानदार १० वॅटचा देतो, तो बसतोही, आणि मग फ्लॅशर वेडावाकडा वागतो. याचं कारण समजून घ्या. जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. करंटने आतली पट्टी किंवा तार तापते, त्याने जोड उघडतो, गार झाली की परत जुळतो. पुढचा आणि मागचा मिळून ४२ वॅट, म्हणजे साधारण साडेतीन अ‍ॅम्पिअर, हे गृहीत धरून तो बनवलेला असतो. करंट कमी पडला की लय बिघडते. एलईडी बल्बवर तो चालत नाही तेही यामुळेच. जानेवारीच्या पहाटे तो जरा सुस्त वाटला तर लगेच घाबरू नका. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं ठीक आहे.

आता खरं काम, अर्थचं, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जातो त्या वाटेचं. मला सर्वांत जास्त त्रास इथेच झाला आहे आणि सर्वांत चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

या गाड्यांत बल्बपर्यंत एकच वायर येते. करंट परत जातो तो होल्डर (बल्ब बसतो ती धातूची वाटी) आणि बॉडीच्या पत्र्यातून. होल्डर आणि पत्रा यांच्यामध्ये गंज, रंग किंवा माती आली की वाट अडली. गाडी डेंटिंग-पेंटिंगहून आली आणि इंडिकेटर बिघडला, तर बाकी काही शोधूच नका: पेंटरने होल्डरखालच्या पत्र्यालाही रंग मारलेला असतो. त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या बाजूला पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांत मागच्या दिव्यात पाणी साचून होल्डर हिरवा पडतो. पार्किंग लाइट लावल्यावर इंडिकेटर मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगही लुकलुकतो, तेव्हा अर्थ गेलाय असंच समजा.

मल्टिमीटर लावून ‘पीं’ वाजलं म्हणजे अर्थ चांगला, असं सगळे सांगतात. यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बऱ्याच मीटरांचा बझर तीस-पन्नास ओहमपर्यंत वाजतो. इथे अर्धा ओहम जरी असला तरी एका बल्बच्या पावणेदोन अ‍ॅम्पिअरला जवळपास एक व्होल्ट खाल्ला जातो, आणि बारा व्होल्टच्या गाडीत तो डोळ्याला दिसतो. शिवाय मागच्या दिव्यात पार्किंगचा बल्ब त्याच होल्डरवर असतो. होल्डरची अर्थ पूर्ण तुटली तरी मीटरचा करंट पार्किंगच्या तारेतून दुसऱ्या बाजूच्या दिव्यात जातो आणि तिथल्या अर्थला पोहोचतो. गार फिलामेंटला रोध फारच कमी, म्हणून मीटर आनंदाने वाजतं. या आवाजावर भरवसा ठेवून लोक चांगले फ्लॅशर आणि चांगले स्विच फेकून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणी दिवा पेटलेला असतानाच करायची. फ्लॅशर काढा आणि त्याच्या सॉकेटमधली बी (B) आणि एल (L) ही दोन टोकं एका छोट्या वायरने जोडा. पी हे टोक डॅशबोर्डवरच्या दिव्याचं, ते मोकळं राहू द्या. चावी फिरवा, इंडिकेटरची दांडी बिघडलेल्या बाजूला टाका. आता दिवे न लुकलुकता सलग पेटतील आणि मीटरवर आकडा स्थिर दिसेल. फार वेळ ठेवू नका, काच तापते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. लाल टोक पेटलेल्या बल्बच्या पितळी टोपीवर. डिकीपर्यंत पोहोचायला लांब वायर जोडून घ्या. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर सापडला. मग लाल टोक टोपीवरून होल्डरवर, होल्डरवरून शेजारच्या उघड्या पत्र्यावर सरकवत न्या. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्या दोन जागांच्या मध्येच बिघाड आहे. पत्र्यावरही आकडा उतरला नाही तर बॅटरीपासून बॉडीकडे जाणारी जाड पट्टी काढून साफ करा. सुरुवातीच्या काही अ‍ॅम्बेसेडरांत पॉझिटिव्ह अर्थ असतो; तिथे हे सगळं उलट धरायचं.

दुरुस्ती सोपी आहे, पण ती अर्धवट करू नका. नुसता होल्डर घासून बसवला तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. होल्डरला दीड स्क्वेअर एमएमची काळी वायर डाग देऊन (सोल्डर करून) पक्की करा, दुसऱ्या टोकाला गोल थिंबल (स्क्रूसाठी भोक असलेली धातूची कडी) दाबा, आणि रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर दातेरी वॉशरसह स्क्रूने आवळा. नंतर वरून पेट्रोलियम जेली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे लावू नका. त्यातलं आम्ल तांबं खातं. वायर पिळून टेप गुंडाळणंही नको. नाशिकच्या मे महिन्यात त्या टेपचा गोंद वितळून चिकट घाण उरते आणि जोड उघडा पडतो.

अर्थ ठीक निघाली तर पॉझिटिव्ह बाजू मोजा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या बुडाच्या शिशाच्या ठिपक्यावर. एक व्होल्टहून जास्त पडत असेल तर फ्यूजबॉक्स, चावीचा स्विच आणि दांडीचा स्विच, या क्रमाने बघत जा. दांडीच्या स्विचला काँटॅक्ट क्लीनर मारून दांडी पुष्कळ वेळा डावी-उजवी फिरवा. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो.

एवढं सगळं बरोबर निघालं आणि दोन्ही बाजू तरीही लुकलुकत नसतील, तर फ्लॅशर गेला. आता खुशाल बदला. घेताना त्यावर १२ व्होल्ट आणि दोन गुणिले २१ वॅट लिहिलंय ना, हे बघून घ्या. बसवल्यावर पार्किंग लाइट आणि ब्रेक, दोन्ही लावून चारही कोपरे तपासा. मागे कोणीतरी उभं राहून सांगणारं हवं.