मोठं व्हिनाईल स्टिकर लावायच्या आधी असं ठेवा

दुकानाच्या काचेसाठी किंवा टेम्पोच्या बाजूसाठी मोठं स्टिकर छापून आणलं, पण लावायला दोन-चार दिवस आहेत. घडी घालून किंवा घट्ट गुंडाळून ठेवलं की मागचा कागद जागोजागी सुटतो, बोगद्यासारख्या सुरकुत्या उठतात आणि लावताना तिथेच हवा अडकते.

१. सॉल्व्हंट शाईची (म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या द्रावकात कालवलेल्या शाईची) छपाई असेल तर गुंडाळण्याआधी २४ तास मोकळी वाळू द्या. शाईचा वास येत असेल तर अजून थांबा.

२. निदान ३ इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर सैलसर गुंडाळा. फ्लेक्सवाल्याकडे रिकाम्या नळ्या पडलेल्या असतात, मागितल्या की सहज मिळतात.

३. छापील बाजू बाहेर ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं हेच! आपला हात चित्र जपायला म्हणून ते आतच वळवतो, पण सुरकुत्या त्यानेच पडतात. कडेला मास्किंग टेप पुरे, रबरबँड नको, त्याचा वळ उमटतो.

४. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गुंडाळी उभी ठेवा. पावसाळ्यात पिशवी हवीच, कारण मागचा कागद ओल धरतो आणि कडा वळतात.

उन्हात उभ्या गाडीत मात्र गुंडाळी ठेवू नका.