आगीची उपमा देताना या चुका टाळा

राग, विरह, भूक किंवा बंड यांपैकी काहीही रंगवायचे झाले की लिहिणाऱ्याचा हात आधी आगीकडे जातो. परंतु ठिणगी, जाळ, निखारा, फुफाटा आणि राख या आगीच्या वेगवेगळ्या अवस्था असून प्रत्येकीचा धर्म निराळा आहे, हे लक्षात न घेतल्यामुळे उपमा फसते.

सर्वांत जास्त चुका निखाऱ्याच्या बाबतीत होतात. ‘तिच्या मनातला निखारा भडकला’ असे सर्रास लिहिले जाते, पण भडकतो तो जाळ. निखारा फुलतो किंवा रसरसतो. ‘राखेखालचा निखारा’ ही उपमा विझत आलेल्या भावनेला देणेही मला चुकीचे वाटते. चुलीच्या घरांत रात्री निखारे मुद्दाम राखेत पुरून ठेवत, कारण राखेखाली हवा बेताची पोहोचते आणि धग टिकून राहते; पहाटे राख सारून, वर गोवरीचा तुकडा ठेवून फुंकणीने फुंकले की आधी लालसर कड दिसे, मग धूर निघे आणि शेवटी जाळ धरे. म्हणूनच ही उपमा वर्षानुवर्षे जपलेल्या रागाला किंवा आशेला शोभते. सरत चाललेल्या मायेला तेल संपत आलेली वात अधिक नेमकी ठरते.

‘बातमी वणव्यासारखी डोंगरावरून गावात उतरली’ या वाक्यातही घोटाळा आहे. वणवा चढावर वेग घेतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात. उतारावर तो सहसा मंदावतो.

‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीतला फुफाटा म्हणजे तापलेली राख होय. तिच्यात जाळ दिसत नाही, म्हणून पाय बेसावधपणे पडतो; दुसरे संकट असे छुपे असेल तरच ही म्हण चपखल बसते.

शब्दांची धगही जोखावी. चटका क्षणात बसतो, झळ दुरून लागते. त्यामुळे भाजी महागलेल्या शहराला दुष्काळाची झळ बसते, पण ज्याचे उभे पीक गेले तो शेतकरी होरपळतो. त्याच्या वाट्याला नुसती ‘झळ’ लिहिणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘संतापाच्या ज्वाळांचा पूर ओसरला’ यांसारख्या वाक्यात दोन चित्रे एकमेकांना मारतात. त्यांतले एक खोडावे, आणि कोणते ठेवायचे हे पुढच्या वाक्यात मागे काय उरले आहे त्यावरून ठरवावे: चिखल उरला असेल तर पूर, राख उरली असेल तर आग.